प्रवाळांना अन्न कसे द्यावे: गोव्यातील घरगुती खाऱ्या पाण्याच्या टँकसाठी मार्गदर्शन

खाऱ्या पाण्याचा टँक घरात लावणाऱ्या बहुतेकांना मासे काय खातात याची चांगली माहिती असते. प्रवाळांच्या बाबतीत मात्र दोन टोकांची मते ऐकू येतात. पहिले मत असे की प्रवाळाला उजेड मिळाला की पुरे, त्याला वेगळे अन्न लागत नाही. दुसरे असे की रोज कोणत्या ना कोणत्या बाटलीतले द्रावण टँकमध्ये ओतले नाही तर प्रवाळ उपाशी मरते. दोन्ही मतांमुळे टँकचे नुकसान होते आणि दुसऱ्यामुळे ते फार लवकर होते. दिलेले अन्न प्रवाळाच्या तोंडात गेले पाहिजे, आणि जे गेले नाही ते कुजण्याआधी पाण्याबाहेर निघाले पाहिजे, एवढ्या एका नियमाभोवती पुढील सर्व सूचना आखलेल्या आहेत.

प्रवाळ हा प्राणी आहे, जेलीफिश आणि सी ॲनिमोन यांच्या वर्गसमूहातला. बहुतेक प्रवाळे म्हणजे अनेक लहान पॉलिपांची वसाहत असते. प्रत्येक पॉलिपला मध्यभागी एकच तोंड असते, त्याभोवती संस्पर्शकांचे कडे असते आणि त्या संस्पर्शकांवर दंशपेशी असतात. अन्न ज्या तोंडातून आत जाते त्याच तोंडातून न पचलेला भाग बाहेर टाकला जातो. हे लक्षात ठेवले तर पुढे सांगितलेल्या कितीतरी गोष्टींचा उलगडा आपोआप होतो. पॉलिपच्या पेशींमध्ये झूझँथेली नावाचे सूक्ष्म शैवाल राहते. ते प्रकाशाच्या साहाय्याने शर्करा व स्निग्ध पदार्थ तयार करते आणि त्यांतला मोठा वाटा यजमान प्रवाळाला देते. स्वच्छ, उथळ पाण्यातील प्रवाळांची ऊर्जेची बहुतांश गरज यातून भागते, पण या अन्नात नत्र आणि स्फुरद फार थोडे असते. नवी ऊती तयार करण्यासाठी लागणारी प्रथिने मिळवायची तर शिकार करावी लागते, किंवा पाण्यात विरघळलेली द्रव्ये शोषून घ्यावी लागतात. १९२८–२९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या लो आइल्स बेटांवर ग्रेट बॅरियर रीफ मोहीम झाली. तिचे नेते सी. एम. यंग यांनी तेथील प्रवाळे प्राणीप्लवकांवर (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांवर) जगणारे मांसाहारी जीव आहेत असे निरीक्षणांतून दाखवले होते. शैवालाकडून मिळणाऱ्या अन्नाचे महत्त्व त्यानंतरच्या संशोधनाने वाढवले, परंतु शिकारीची गरज त्यामुळे खोटी ठरली नाही.

गोव्यात राहणाऱ्याला याचा पुरावा लांब जाऊन शोधावा लागत नाही. वास्कोच्या समोर, ग्रँड आयलंडच्या आसपास प्रवाळांचे पुंजके आहेत आणि दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्यांचा अभ्यास केलेला आहे. पावसाळ्यात मांडवी आणि झुआरी या नद्या गाळ घेऊन समुद्रात येतात, पाणी गढूळ होते आणि खाली पोहोचणारा उजेड कमी होतो. अशा गढूळ पाण्यात तग धरणाऱ्या प्रवाळांच्या काही जाती पाण्यातील कणरूप अन्नावर अधिक अवलंबून राहतात असे इतरत्र झालेल्या अभ्यासांतून दिसले आहे. तात्पर्य, उजेड आणि अन्न ही दोन्ही एकमेकांना पूरक आहेत आणि एक कमी पडले तर दुसरे काही काळ भार उचलते.

आधी कायद्याविषयी

अन्न कोणाला द्यायचे हे ठरवण्याआधी टँकमध्ये काय ठेवता येते हे पाहणे आवश्यक आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून रीफ बांधणारी सर्व हार्ड कोरल (चुनखडीचा कठीण सांगाडा असलेली प्रवाळे), काळी प्रवाळे, ऑर्गन पाइप कोरल, फायर कोरल आणि समुद्रपंखे यांचा समावेश आहे. वाघाला जे संरक्षण आहे तेच यांना आहे. ग्रँड आयलंडला डायव्हिंगसाठी जाऊन किंवा मालवणहून येताना प्रवाळाचा तुकडा आणणे हा गंभीर गुन्हा आहे. किनाऱ्यावर वाहून आलेला मेलेला तुकडासुद्धा उचलून घरी आणू नये. परदेशी हार्ड कोरल ही सायटिस या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, या करारातील प्राणी बाळगण्यासंबंधीची तरतूदही आपल्या अधिनियमात आली असून नोंदणी ‘परिवेश’ या संकेतस्थळावर करावी लागते. दुकानदाराने तोंडी दिलेली हमी येथे काहीच उपयोगाची नाही.

या कारणाने नवीन टँक लावणाऱ्याला मी हार्ड कोरल घेण्याचा सल्ला देत नाही. लेदर कोरल, झेनिया, झोअँथिड आणि मश्रूम कोरल एवढ्यांनी अत्यंत देखणा टँक उभा राहतो. ही बहुतेक प्रवाळे आपल्याकडील उन्हाळा तुलनेने चांगला सहन करतात आणि त्यांचे कलम करून छंदी मंडळींमध्ये देवाणघेवाणही होते. पुढील मार्गदर्शन प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहे. ज्यांच्याकडे कागदपत्रांसह हार्ड कोरल आधीपासून आहेत त्यांच्यासाठी आवश्यक त्या सूचना त्या-त्या ठिकाणी दिल्या आहेत.

कोणाचे तोंड किती मोठे

अन्नाचा आकार पॉलिपच्या तोंडाच्या आकारावरून ठरवावा. झेनियाला घन अन्न जवळजवळ घेताच येत नाही. ती पाण्यात विरघळलेल्या द्रव्यांवर आणि उजेडावर वाढते, त्यामुळे तिच्यावर पिपेटने काही सोडणे निरर्थक आहे. सार्कोफायटन, सिन्युलेरिया यांसारखी लेदर कोरल अगदी बारीक कण टिपतात. ज्या टँकमध्ये मासे व्यवस्थित जेवतात तेथे त्यांच्या खाण्यातून सुटलेला चुरा आणि विष्ठेतून मिळणारी द्रव्ये लेदरला बहुधा पुरतात. आठवड्यातून एकदा कोपेपॉडसारखे (सूक्ष्म कवचधारी जीवांचे) बारीक खाद्य पाण्यात सोडले तर वाढ चांगली होते, पण तेवढे न केल्याने लेदर मेले असे होत नाही.

झोअँथिडांमध्ये मोठा फरक आढळतो. लहान चकतीच्या झोअँथसला मायसिसचा (कोळंबीसारख्या दिसणाऱ्या छोट्या जीवाचा) अख्खा तुकडा दिला तर तो तसाच पडून राहतो. त्याला सायक्लॉप्स (कोपेपॉडचाच एक बारीक प्रकार) किंवा भुकटीच्या रूपातले प्लवकच जमते. पॅलिथोआ मात्र मांसाचा लहान तुकडा लगेच पकडते आणि चकती मिटून घेते. येथे सुरक्षिततेची एक सूचना न विसरता पाळावी: पॅलिथोआ आणि काही झोअँथिड यांच्यात पॅलिटॉक्सिन हे अतितीव्र विष असू शकते. त्यांच्याजवळ हात घालताना हातमोजे व चष्मा वापरावा, बोटाला जखम असेल तर काम पुढे ढकलावे, अन्न देण्याची नळी तोंडाने कधीही ओढू नये आणि ते चिकटलेला दगड गरम पाण्याने धुण्याचा किंवा उकळण्याचा विचारही करू नये, कारण वाफेबरोबर विष श्वासात जाऊन घरातली सगळी माणसे आजारी पडू शकतात.

मश्रूम कोरलमध्ये डिस्कोसोमा घन अन्नाबाबत उदासीन असते, तर ऱ्होडॅक्टिस आणि रिकॉर्डिया उत्साहाने खातात. ‘हत्तीचा कान’ या अर्थाच्या नावाने विकले जाणारे ॲम्प्लेक्सिडिस्कस तर लहान मासाही गिळते. हे प्रवाळ टँकमध्ये असेल तर गोबीसारखे छोटे, तळाशी बसणारे मासे ठेवू नयेत.

हार्ड कोरलपैकी मोठ्या पॉलिपची युफिलिया, लोबोफिलिया, कॉलॅस्ट्रिया आणि डंकन ही आठवड्यातून एकदा किंवा दोनदा मायसिस किंवा कोळंबीचे बारीक तुकडे घेतात. ॲक्रोपोरा, मॉन्टिपोरा यांच्या मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या पॉलिपांना रोटिफर, कोपेपॉडची पिल्ले असे सूक्ष्म अन्नच पकडता येते. सन कोरल म्हणून ओळखले जाणारे ट्युबास्ट्रिया आणि रंगीत झुडपासारखे दिसणारे डेन्ड्रोनेफ्थिया यांच्यात शैवालच नसते. ट्युबास्ट्रियाच्या प्रत्येक पॉलिपला आठवड्यातून अनेक वेळा भरवावे लागते. डेन्ड्रोनेफ्थियाला दिवसभर अखंड वनस्पतीप्लवक लागते आणि घरगुती टँकमध्ये ते काही महिन्यांत झिजून मरते. दुकानात ते कितीही सुंदर दिसले तरी विकत घेऊ नये.

अन्न तयार करणे

गोव्यात राहण्याचा एक निश्चित फायदा असा की ताजे समुद्री अन्न हाताशी असते. म्हापसा, पणजी किंवा मडगावच्या बाजारातून आणलेली सुंगटे (कोळंबी), माणक्या (स्क्विड) आणि तिसऱ्या (शिंपले) यांपासून बाटलीबंद खाद्यापेक्षा चांगले मिश्रण घरी होते. मात्र घरात मासळी साफ होताच तिला मीठ-हळद लावण्याची पद्धत असते. टँकचा वाटा त्याआधी बाजूला काढावा. सुंगटांचे कवच व काळा दोरा काढावा, माणक्यांची शाई व पारदर्शक काडी काढून टाकावी, तिसऱ्या न उकडता सुरीने उघडून त्यांतले मांस घ्यावे. सर्व काही आरओच्या पाण्यात दोन-तीनदा धुऊन, थोडेसे आरओचे पाणी घालून मिक्सरमधून थांबत-थांबत फिरवावे, म्हणजे काही भाग बारीक व काही भाग तांदळाच्या कणीएवढा राहतो आणि एकाच मिश्रणात लहान-मोठ्या तोंडांची सोय होते. हा लगदा बारीक जाळीच्या गाळणीत घेऊन पुन्हा धुवावा. गाळणीतून खाली येणारे दुधट, गुलाबीसर पाणी पाहिले की धुण्याचे कारण वेगळे सांगावे लागत नाही: ते पाणी टँकमध्ये गेले असते तर प्रवाळाच्या पोटात त्यातले फारसे काही गेले नसते आणि फॉस्फेट मात्र वाढले असते. धुतलेला लगदा प्लॅस्टिकच्या पिशवीत पातळ पसरून फ्रीझरमध्ये ठेवावा, म्हणजे नखाएवढा तुकडा सहज मोडून घेता येतो.

बांगडा आणि तारले या मिश्रणात घालू नयेत. त्यांच्या तेलाचा तवंग पाण्यावर पसरतो, स्किमर (पाण्यातली घाण फेसाबरोबर वेगळी काढणारे उपकरण) बिघडतो आणि पृष्ठभागावरून होणारी प्राणवायूची देवघेव मंदावते. पाकिटातली सोललेली फ्रोझन कोळंबीही टाळावी. तिच्यात पाणी धरून ठेवण्यासाठी बऱ्याचदा फॉस्फेटचे क्षार मिसळलेले असतात. २०१८ मध्ये मासळीतील फॉर्मेलिनचा प्रश्न गोव्यात गाजला होता. आपण जे खातो त्यापेक्षा प्रवाळाला दिलेल्या अन्नाबाबत अधिक काटेकोर राहणे योग्य, कारण टँकमधल्या थोड्याशा पाण्यात कोणतेही रसायन पातळ व्हायला जागा नसते. म्हणून मासळी ओळखीच्या पात्रांवांकडून (बोटमालकाकडून) किंवा कोळणीकडून, त्याच दिवशी उतरलेली घ्यावी. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते आणि बाजारात बर्फात अनेक दिवस राहिलेला माल अधिक दिसतो. त्या दोन महिन्यांपुरते मिश्रण मे महिन्यातच करून ठेवावे.

जिवंत अन्नामध्ये आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या एका छोट्या कवचधारी जीवाची) नुकतीच बाहेर पडलेली पिल्ले सर्वांत सोपी आणि लहान पॉलिपांना आवडणारी आहेत. एक लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम मीठ विरघळवून, त्यात एक ग्रॅमच्या आसपास अंडी टाकून, तळापासून जोरदार हवा सोडावी आणि वर दिवा ठेवावा. थंड प्रदेशात यासाठी हीटर लागतो. गोव्यात खोलीचे २८ अंशांच्या आसपासचे तापमानच पुरते आणि साधारण एका दिवसात पिल्ले बाहेर पडतात. हवा बंद करून दहा मिनिटे थांबावे व भांड्याच्या खालच्या बाजूला टॉर्चचा उजेड धरावा. रिकामी टरफले वर तरंगतात, पिल्ले नारिंगी ढगासारखी उजेडाकडे जमतात. ती बारीक नळीने ओढून घ्यावीत, बारीक कापडात गाळून धुवावीत आणि लगेच द्यावीत, कारण पोटातला साठा संपत जातो तशी त्यांची पोषणमूल्ये तासागणिक घटतात. टरफले टँकमध्ये जाऊ देऊ नयेत. आर्टेमियाची अंडी हवेतला दमटपणा ओढून घेतात आणि मग उबत नाहीत; जूनपासून सप्टेंबरपर्यंत उघडा डबा कपाटात ठेवला तर संपूर्ण डबा वाया जातो. अंडी आणि भुकटीची खाद्ये हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसह फ्रिजमध्ये ठेवावीत.

मिरामारला किंवा दोना पावलाच्या जेटीवर बारीक जाळे ओढून प्लवक आणावे असा मोह काहींना होतो. नदीमुखाजवळच्या पाण्यात बार्जेसचे तेल, सांडपाणी आणि अनाहूत परजीवी यांचा धोका असतो, आणि पावसाळ्याच्या आसपास तर डांबराचे गोळे किनाऱ्याला लागतात. हा मार्ग सर्वस्वी टाळावा. वनस्पतीप्लवकाच्या बाटल्यांबद्दल एवढेच म्हणतो की त्या कोपेपॉड वाढवायला उपयोगी आहेत. मश्रूम आणि पॅलिथोआ यांना त्यांतून थेट फारसे काही मिळत नाही.

प्रत्यक्ष देताना

नव्याने आणलेल्या प्रवाळाला पहिले काही दिवस अन्न देऊ नये. ते पूर्ण उघडू लागले, त्याचा चिकट स्राव थांबला, म्हणजे मग सुरुवात करावी. आठवड्यातला एक ठरावीक वार निवडावा आणि दुसऱ्या दिवशी पाणी बदलता येईल असा तो असावा. निसर्गात प्राणीप्लवक अंधार पडल्यावर तळाकडून वर येते, त्यामुळे मोठ्या पॉलिपची हार्ड कोरल संध्याकाळनंतर संस्पर्शक पसरतात; त्यांना दिवे मंद झाल्यावर द्यावे. झोअँथिड दिवे मालवताच मिटतात, म्हणून त्यांची पाळी उजेड असतानाच उरकावी.

आधी माशांना जेवू घालावे, नाहीतर प्रवाळाच्या तोंडातला घास ते ओढून नेतात. फ्रोझन मायसिस किंवा घरचे मिश्रण टँकच्याच पाण्यात, एका पेल्यात विरघळू द्यावे आणि पुन्हा एकदा गाळून घ्यावे. शंभर लिटरच्या टँकला मायसिसचा पाव ते अर्धा क्यूब सुरुवातीला पुष्कळ झाला. त्यानंतर रिटर्न पंप (संपमधून म्हणजे खालच्या टाकीतून पाणी वर आणणारा), स्किमर आणि वेव्हमेकर (टँकमध्ये पाणी खेळवणारा पंप) बंद करावेत. रिटर्न पंप बंद होताच संपमधले पाणी चढते आणि चालू राहिलेला स्किमर घाण पाणी बाहेर ओततो, म्हणून ही तिन्ही उपकरणे एकाच स्विचबोर्डवर घेतलेली बरी. पुन्हा चालू करण्यासाठी मोबाइलवर गजर लावावा. हा विसर महाग पडतो.

पेल्यातले थोडे पाणी पिपेटने प्रवाळांच्या वरच्या बाजूला सोडून पाच-दहा मिनिटे वाट पाहावी. अन्नाचा वास लागला की पॉलिपांची तोंडे किंचित फुगतात, संस्पर्शक लांब होतात. जे प्रवाळ असा प्रतिसाद देत नाही त्याला त्या दिवशी भरवू नये. मग लांब पिपेटचे टोक प्रवाळापासून एखादा सेंटिमीटर वर धरून अन्न आपोआप खाली बसेल इतक्या हळूवारपणे सोडावे. जोराने मारलेली पिचकारी पॉलिपला मिटवते आणि सगळा घास खडकांच्या फटीत जातो.

ऱ्होडॅक्टिस मश्रूमला भरवताना हे फार स्पष्ट दिसते. चकतीच्या मध्यावर मायसिसचे एक-दोन तुकडे ठेवल्यावर प्रथम काहीच घडत नाही. थोड्या वेळाने चकतीची कड वर उचलू लागते, पृष्ठभागावरचे गाठीसारखे उंचवटे तुकड्यांना चिकटून बसतात, आणि बटव्याची दोरी ओढावी तशी कड चहूबाजूंनी आत गोळा होत जाते. मध्ये एक लहान छिद्र उरते, तेही पुढे बुजते आणि दगडावर केवळ एक फुगीर गोळा दिसतो. या अवस्थेत त्याला अजिबात स्पर्श करू नये आणि आणखी अन्न देऊ नये. दुसऱ्या दिवशी चकती पुन्हा सपाट पसरली आणि तोंडाजवळ काही उरले नाही, तर दिलेले प्रमाण बरोबर होते. तोंडाजवळ पांढरट, चिकट गोळा पडलेला दिसला तर घास मोठा होता आणि प्रवाळाने तो ओकून टाकला आहे. तो गोळा पिपेटने ओढून काढावा आणि पुढच्या वेळी तुकडा निम्मा करावा.

क्लीनर श्रिम्प आणि हर्मिट क्रॅब यांचा उपद्रव असेल तर प्लॅस्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून, कडा घासून, प्रवाळावर घुमटासारखा ठेवावा आणि बाटलीच्या तोंडातून अन्न सोडावे. अर्ध्या तासाने घुमट काढून पंप चालू करावेत. स्किमर आणखी तासाभराने सुरू केला तरी चालतो. तळाशी पडलेले अन्न त्याच वेळी नळीने ओढून घ्यावे.

पाण्याचा हिशेब

प्रवाळ आणि मासे असलेल्या टँकमध्ये नायट्रेट लिटरला २ ते १० मिलिग्रॅम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅमच्या दरम्यान असावे, क्षारता ३५ पीपीटी (दर हजार भागांत ३५) आणि तापमान २५ ते २७ अंश असावे. हे दोन्ही पोषक घटक शून्यावर आणणे म्हणजे स्वच्छता असा समज अजूनही पसरलेला आहे आणि तो हानिकारक आहे. शून्य नायट्रेट-फॉस्फेटच्या पाण्यात प्रवाळे फिकट पडतात, आणि खडकांवर बुडबुड्यांसह तपकिरी तारा येऊ लागल्या तर बहुधा ते डायनोफ्लॅजलेट हे एकपेशीय सूक्ष्मजीव असतात, ज्यांचा बंदोबस्त हिरव्या शेवाळापेक्षा कितीतरी अवघड जातो. अशा टँकमध्ये अन्न वाढवणे हाच उपाय आहे, आणि ते वाढवण्याचा सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे माशांना थोडे अधिक खाऊ घालणे. मासे खातात, त्यांच्याकडून अमोनियम सुटते आणि प्रवाळातले शैवाल ते लगेच वापरते. ज्या टँकमध्ये पुरेसे मासे आहेत तेथे ॲमिनो आम्लांच्या महागड्या बाटल्यांची गरज मला कधीच पटलेली नाही.

अन्न द्यायला लागण्याआधी नायट्रेट व फॉस्फेट मोजून लिहून ठेवावे आणि नंतर दर आठवड्याला त्याच वारी मोजावे. सलग तीन आठवडे आकडा चढत गेला तर अन्न निम्मे करावे. पाणी बदलण्याचे प्रमाण वाढवून तीच सवय चालू ठेवू नये. वाळूवर लालसर-जांभळा, शेवाळासारखा थर पसरू लागला, तर तो बहुधा सायनोबॅक्टेरियाचा असतो. अन्न जास्त होत आहे आणि त्या कोपऱ्यात पाण्याचा प्रवाह कमी पडत आहे, असा त्याचा अर्थ घ्यावा.

उन्हाळा, पाऊस आणि वीज

कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि कुजणारे अन्न उरलेला प्राणवायूही खाते. एप्रिल-मे महिन्यांत टँकचे पाणी २८ अंशांच्या वर गेले असेल तर भरवणे बंद ठेवावे. कोरड्या हवेच्या गावांत पंखा लावून पाणी दोन-तीन अंशांनी उतरवता येते. किनाऱ्यालगतच्या दमट हवेत बाष्पीभवन मंद असल्याने पंख्याचा उपयोग मर्यादित राहतो आणि चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) घेणे भाग पडते. पावसाळ्यात आकाश भरून आले असेल, वीज वारंवार जात असेल, अशा संध्याकाळी अन्न देऊ नये. भरवल्यानंतर दोन तासांत वीज गेली आणि पंप थांबले, तर पहाटेपर्यंत प्राणवायू धोकादायक पातळीवर उतरू शकतो. बॅटरीवर चालणारा एअर पंप प्रत्येक टँकजवळ असलाच पाहिजे. वीज दीर्घकाळ गेल्याने फ्रीझरमधले खाद्य विरघळले असेल तर ते पुन्हा गोठवून वापरू नये, टाकून द्यावे.

उष्णतेने प्रवाळाचा रंग उडाला, म्हणजे त्यातले शैवाल निघून गेले, तर अन्नाचे महत्त्व एकदम वाढते. हवाईमधील मॉन्टिपोरा कॅपिटाटा या जातीने रंग उडाल्यावर प्लवक खाण्याचे प्रमाण वाढवून आपली ऊर्जेची गरज भागवल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. सर्वच जातींना हे साधत नाही. घरच्या टँकमध्ये अशा वेळी प्रथम तापमान हळूहळू खाली आणावे, उजेड कमी करावा आणि मग आठवड्यातून दोनदा, नेहमीपेक्षा बारीक आणि थोडे अन्न द्यावे. पांढरे पडलेले पण मांसल राहिलेले पॉलिप जिवंत असतात, त्यांना फेकून देऊ नये. ऊती सुटून खाली सांगाडा दिसू लागला किंवा तपकिरी, जेलीसारखा पदार्थ पसरू लागला, तर मात्र तो भाग ताबडतोब वेगळा काढावा आणि भरवणे थांबवावे.

चवथीला चार-पाच दिवस मूळ घरी जाणाऱ्यांनी प्रवाळांची काळजी करण्याचे कारण नाही. उजेडावर जगणारी प्रवाळे आठवडा-दोन आठवडे भरवल्याशिवाय सहज राहतात. निघण्याच्या आदल्या दोन दिवसांत त्यांना काही देऊ नये, स्किमरचा कप धुऊन ठेवावा आणि दिवे टायमरवर टाकावेत. शेजाऱ्यांकडे किल्ली देताना त्यांना बाष्पीभवनाने कमी झालेल्या पाण्याच्या जागी आरओचे पाणी खुणेपर्यंत भरायला सांगावे. माशांसाठी रोजच्या मापाच्या पुड्या बांधून द्याव्यात, आणि खाद्याचे डबे व फ्रीझरमधली पिशवी त्यांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी ठेवावी.